फांदी कुणाच्या रानात पडणार

वादळानं झाड मोडलं की आमच्याकडची माणसं झाड किती मोडलं ते आधी बघत नाहीत. फांदी बांधाच्या कुठल्या अंगाला पडली ते बघतात. आमच्या भावकीत वाटणी झाली तेव्हापासून बांधावरच्या चिंचेचा हाच कायदा. चिंचा माझ्या बाजूला गळल्या तर माझ्या, पलीकडं गळल्या तर चुलतभावाच्या. लाकडाचंही तसंच. हे कागदावर कुठं लिहिलेलं नाही. पण कागदावरचं मोडणारी माणसंसुद्धा हे मोडत नाहीत.

आमचं घर काटेवाडीच्या पुढं, इंदापूरच्या रस्त्यावरनं आत. घराच्या मागं सैपाकाची पत्र्याची खोली, तिच्या मागं बांध, बांधावर चिंच. दोघांनी हात धरले तरी कवेत येत नाही अशी. बांधाच्या पलीकडं चुलतभावाचा आठ-दहा पावलांचा पडीक पट्टा आणि त्याच्या पुढं त्याचं भिजतं रान. साल मला नक्की सांगता येत नाही, शहाण्णव असंल नाहीतर सत्त्याण्णव. बायको थंडीत गेली आणि पुढच्या मे महिन्यात हे वादळ झालं, एवढं नक्की.

ती होती तोवर त्या घराशी जे काही बोलायचं ते ती बोलायची. चुलतभाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. त्याचं माझं बोलणं बारा वर्षं बंद होतं. तो नांगरताना दर साली खालच्या रानाच्या बांधाची बोटभर माती खातो म्हणून. ती बांधावरनं दही द्यायची, पलीकडनं वांगी घ्यायची, आणि मी बघून न बघितल्यासारखं करायचो. ती गेली आणि मधलं माणूसच संपलं. मग मला सगळ्यांचा संशय यायला लागला. दूध घालायला गेलो की मापावरनं डोळा हलवत नव्हतो. सून कुणाशी हळू बोलली की वाटायचं, माझ्याबद्दलच बोलतीय. गोवऱ्यांचा ढीग खालावला का ते रोज उठून बघायचो. माणूस एकटं पडलं की त्याचे डोळे फार चालायला लागतात.

वारं संध्याकाळी सुटलं. पाऊस नावाला, वारंच जास्त. पत्रे रात्रभर वाजत होते. उजाडताच मागं गेलो तर चुलतभाऊ माझ्या आधी चिंचेजवळ उभा. मनात म्हटलं, हा इतक्या सकाळी काय मोजायला आलाय?

“दादा, खाली जाऊ नगा,” तो म्हणाला.

बारा वर्षांनी तोंडातनं निघालेला पहिला शब्द हा.

“माझ्या घरामागं मी जाऊ नगं व्हय?”

“घरामागं जावा की. फांदीखाली जाऊ नगा. वर बगा.”

वर बघितलं. माझ्या मांडीच्या दीडपट जाड फांदी बुडातनं फाटली होती. पण खाली आली नव्हती. फाटलेलं बूड वरच्या एका बेचक्यात जाऊन अडकलं होतं आणि शेंडा त्याच्या पडीकाकडं लोंबत होता. सगळं वजन त्या बेचक्यावर आणि हातभर सालीवर. वारं आलं की कण्हल्यासारखा आवाज यायचा. आणि खांबावरनं आमच्या दोन्ही घरांत येणारी विजेची तार शेंड्यात गुरफटून जमिनीपासून कमरेएवढी खाली आली होती.

“तार मेलीया. रात्रीपास्नं लाईट न्हाय,” तो म्हणाला. त्याच्या हातात बांबू होता. “बाजूला सारू का?”

“सारू नगं. मेलीय हे तुला कुणी सांगितलं?”

“आवो, लाईटच न्हाय म्हणतोय—”

“तुज्या घरात न्हाय. तारंत न्हाय हे तुला काय ठावं?”

त्यानं बांबू खाली ठेवला. मला वाटलं, ह्याला एवढी घाई कशाची? तार निघाली की हा फांदी ओढणार आणि लाकूड आपल्या अंगाला घेणार. म्हणून अडवला, दुसरं काही नाही. त्याच्या जिवाची काळजी म्हणून अडवला असं मी म्हणणार नाही.

दुधाच्या गाडीवाल्याकडनं वायरमनला निरोप धाडला. तो दहाच्या सुमारास लुनावर आला. आधी डीपीकडं जाऊन फ्यूज काढून खिशात घातले, मग तारेजवळ आला.

“हिला कुणी हात लावला न्हाय न्हवं?”

“बांबू लावणार हुता ह्यो,” मी म्हणालो.

वायरमननं बांबू उचलून बघितला. रात्रीच्या पावसानं भिजलेला होता. “मग आज तुमच्या दारात मयताची गर्दी असती. एक तार तुटलीय म्हणून घरात लाईट न्हाय. दुसरी पहाटेपास्नं चालूच हुती.”

त्यानं तार शेंड्यातनं सोडवून खांबाजवळ तोडली आणि गुंडाळून नेली. चुलतभावानं तो बांबू लांब भिरकावला. मी मात्र त्या दिवशी मनातनं फार फुगलो. म्हटलं, बघ, संशय घेतला म्हणून वाचलास. एकदा संशय खरा निघाला की माणसाला वाटतं, आता आपले सगळेच संशय खरे. माझं तसंच झालं.

दुपारी एक म्हातारा करवत आणि कुऱ्हाड घेऊन आला. पूर्वी बावड्याच्या अंगाला मेंढरं राखायचा. मेंढरं विकून दोन एकर केलं होतं आणि अडलंनडलं झाड उतरवायची कामं घ्यायचा. बोलावला होता चुलतभावानं, म्हणजे माझ्या लेखी तो त्याचाच माणूस. त्यानं हत्याराला हातच लावला नाही. झाडाला तीन फेऱ्या मारल्या, खाली बसला, तंबाखू मळली आणि बराच वेळ वर बघत राहिला.

“आबा,” तो मला म्हणाला, “कुठं जायचं ते फांदी सोताच सांगतीया. शेंडा पडीकाकडं हाय. तिकडंच उतरवायची. आज वारं हाय. उद्या सकाळी.”

“पडीक कुणाचं हाय?”

“असंल कुणाचं बी. फांदीला सातबारा वाचता येत न्हाय.”

चुलतभाऊ हसला. मला ते हसणं टोचलं.

“त्यानं बोलवला म्हणून तू त्याच्याच रानात पाडणार. समजतंय मला.”

म्हातारा रागावला नाही. पिंक टाकून म्हणाला, “आबा, जल्म गेला माजा मेंढरांसाठनं फांद्या तोडण्यात. मोडून लटकलेली फांदी म्हंजी ताणलेली गोफण. कवा सुटंल, कुणाला लागंल, सांगता येत न्हाय. उद्यापतोर कुणी हात लावायचा न्हाय, दोर बांधायचा न्हाय. आन् सैपाकाच्या खोलीत कुणी जायचं न्हाय.”

ते दोघं गेले. सुनेनं चूल पुढच्या सोप्यात आणून मांडली. मी मागं उभा राहून हिशेब करत होतो. चिंचेचं लाकूड लोखंडासारखं असतं, पण मला काय त्याचा महाल बांधायचा नव्हता. मला एवढंच कळत होतं, की बायको गेल्यापासून जो तो मला म्हातारा समजून बाजूला सारतोय आणि आता ही माणसं फांदीसुद्धा माझ्या डोक्यावरनं पलीकडं नेणार. उद्या नेणार असतील तर आजच आपल्या बाजूला घ्यावी. माझं घरामागचं अंगण खोलीच्या कोपऱ्यापासून पुढं मोकळंच होतं. शेंडा तिकडं ओढला की फांदी खोलीला चुकवून अंगणात येईल, असं माझ्या डोळ्यांनी मला दाखवलं.

चुलतभावाकडं नायलॉनचा नवा दोर होता. तो मागायचा प्रश्नच नव्हता. माळ्यावर मोटेचा जुना नाडा, म्हणजे मोट ओढायचा दोर, होता. मोट बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, पण नाडा जाड होता, तेवढं मी बघितलं. सुतळीला दगड बांधून फांदीवरनं टाकला, सुतळीच्या मागनं नाडा चढवला, गाठ आवळली आणि दुसरं टोक बैलांच्या जुवाला बांधलं. बैल हाकले.

फांदी हलली. शेंडा माझ्याकडं वळायला लागला. “चल रं राजा,” म्हणून मी बैलाच्या पाठीवर थाप टाकली आणि तेवढ्यात नाडा तुटला. तुटलेलं टोक माझ्या कानाजवळनं सूं करून गेलं. बैल मुसंडी मारून अंगणाबाहेर पळाले. फांदीनं उलट हेलकावा घेतला, बूड वरच्या बेचक्यातनं निसटलं, साल टराटरा फाटत गेली आणि सगळं धूड दोन पुरुष खाली येऊन एका मनगटाएवढ्या फांदीवर तोललं. बरोबर खोलीच्या वर. डहाळ्या पत्र्यावर खरडल्या.

आणि आतनं सुनेची किंकाळी आली.

ती दुधाचं पातेलं विसरली होती म्हणून आत गेली होती. मी हाका मारायच्या ऐवजी तोंड उघडं टाकून उभा. ती भिंतीच्या कडंनं बाहेर आली, पातेलं तसंच हातात, दूध सगळं लुगड्यावर सांडलेलं. माझ्याकडं बघितलं, नाड्याकडं बघितलं. ती सून कधी माझ्यापुढं मान वर करून बोललेली नव्हती.

“आबा, मला मारायला निघाला हुता का?”

“तू आत हाईस ते मला—”

“आत जायचं न्हाय असं मला सांगितलं. आन् बैल जुपायचं तुमाला कुणी सांगितलं? आत्याबाई असत्या तर तुमचा हात धरला असता त्यांनी. आता कुणी धरायचा? मी?”

तिनं पातेलं खाली आपटलं. “माजं माणूस माळेगावला कारखान्यावर. घरात तुमी, मी आन् पोरगी. ह्या फांदीचं काय करायचं ते आजच्या आज त्या घरात जाऊन बोला. न्हायतर मी पोरीला घेऊन त्यांच्या सोप्यात झोपायला जाती.”

चुलतभावाच्या दाराची पायरी मी बारा वर्षांनी चढलो. पुढं त्याची बायको आली. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही.

“फांदी माज्या खोलीवर आलीया,” मी म्हणालो.

“आली कशी?” चुलतभावानं आतनं विचारलं.

“आली.”

“आमाला हितनं बैल दिसत हुते,” ती म्हणाली.

तो बाहेर आला, मागं जाऊन बघून आला आणि एवढंच म्हणाला, “पोरी-बाळीला आज हिकडं झोपाया धाडा.” मी मनात म्हटलं, आता सुनेला फितवणार. पण धाडली. मी एकटा पुढच्या सोप्यात पडून राहिलो.

सकाळी वारं पडलेलं होतं. मेंढरं राखणारा म्हातारा आला आणि वर बघून त्यानं कपाळाला हात लावला.

“आबा, काल एका हाताचं काम हुतं. आता ती पडीकात मावत न्हाय. पत्र्याला चुकवायची तर लांब ओढावी लागंल. म्हंजी वांग्यात.”

पडीकाच्या पुढं चुलतभावाची वांगी होती. ऐन तोड्यावर आलेली, झाडाझाडाला फळ.

“दोन सऱ्या जातील,” त्याची बायको म्हणाली.

“जातील,” म्हातारा म्हणाला.

चुलतभावानं वांग्याकडं बघितलं, माझ्या पत्र्याकडं बघितलं. “पाडा,” म्हणाला.

मला ते पटेना. दोन सऱ्या वांगी हा माणूस असा सोडतो? ह्यात काहीतरी आहे. मी बांध ओलांडून त्याच्या बाजूला गेलो आणि चिंचेकडं त्या अंगानं बघितलं. त्या अंगाला मी वर्षानुवर्षं गेलो नव्हतो. आणि तिथं, खोडावर पुरुषभर उंचीला, एक कापलेलं बूड दिसलं. करवतीनं सरळ कापलेलं, काल-परवाचं नव्हे, पण फार जुनंही नव्हे. माझ्या बाजूनं ते दिसतच नव्हतं.

“हे काय?” मी ओरडलो. “हे कवा कापलं? मला न ईचारता झाड खातोस व्हय? म्हणून वांग्याची फिकीर न्हाय तुला!”

चुलतभाऊ खाली बघायला लागला. मला वाटलं, सापडला.

“आबा, ती मी कापली,” म्हातारा म्हणाला.

“कुणाच्या सांगण्यावरनं?”

“ह्यांच्या. वाळल्याली फांदी हुती. वहिनीला न्यायच्या दिवशी सरणाला लाकूड कमी पडत हुतं. चिंच लवकर जळती आन् धगबी धरती. तुमी ओट्यावर गुडघ्यात मान घालून बसला हुता. तुमाला कोण ईचारणार?”

मी सुनेकडं बघितलं. ती पोरीला कडंवर घेऊन बांधावर उभी होती.

“तुला ठावं हुतं?”

“व्हय.”

“मग मला सांगितलं का न्हाईस?”

“सांगून काय केलं असतं? तुमी सरणावरनं काढून टाकली असती ती फांदी.”

खोटं नव्हतं. माझा त्या वेळचा स्वभाव मला माहीत आहे. तिला अग्नी द्यायच्या आधी मी लाकडं वेगळी करायला लावली असती. मी तिथंच बांधावर बसलो. कुणी मला उठ म्हणालं नाही, पाणी दिलं नाही. कामाला लागले.

काम कसं केलं ते सांगतो, कारण मी ते तेवढ्याच बारकाईनं बघितलं. दुसरीकडं बघायला तोंड नव्हतं. म्हाताऱ्यानं सगळ्यांना फांदीच्या दुप्पट लांब उभं केलं. नायलॉनचा दोर आधी स्वतः ताणून, हातातनं वीतवीत फिरवून बघितला. शिडी निरोगी खोडाला लावली आणि कमरेला दुसरा दोर बांधून वर गेला. मोडक्या फांदीवर पाय ठेवला नाही. फांदीच्या वर एक दणकट बेचकं होतं, त्यातनं दोर घेतला, एक टोक फांदीच्या बुडाला बांधलं, दुसऱ्याचे बांधावरच्या बाभळीच्या खोडाला तीन वेढे देऊन ते चुलतभावाच्या हातात दिलं. “मनगटाला गुंडाळू नगा. नुसतं धरा. वेढेच वजन धरत्यात,” म्हणाला. आणखी एक दोर शेंड्याला, तो लांब वांग्यापलीकडं चुलतभावाच्या दोघा गड्यांच्या हातात.

मग त्यानं पत्र्यावरच्या डहाळ्या कोयत्यानं एकेक काढल्या. फांदी हलकी झाली तशी ती ज्या फांदीवर टेकली होती ती वर उचलली गेली, चार बोटं. म्हातारा लगेच थांबला. सगळं हलायचं थांबेपर्यंत थांबला. शेवटी फांदी अजून खोडाला ज्यानं धरून होती त्या सालीच्या पट्ट्याला हात घातला. आधी खालनं थोडी करवत मारली, मग वरनं. खालनं मारली नाही तर साल खोडापर्यंत सोलत जाते आणि झाड सडतं, हे मला त्या दिवशी कळलं. साठी ओलांडल्यावर.

“सोडा हळू!” तो ओरडला.

चुलतभावानं दोर वेढ्यातनं सोडत आणला. गड्यांनी शेंडा ओढला. फांदी खोलीवरनं सरकली, बूड पत्र्याच्या कडेवरनं वीतभर अंतरानं गेलं, बांध ओलांडला आणि वांग्यात बसली. आवाज म्हणावा तसा झालाच नाही. वांगी फुटल्याचा तेवढा झाला.

सून लगेच खोलीकडं निघाली. मी तिला अडवलं. म्हाताऱ्याला म्हणालो, वरच्या फांद्या बघ. तो म्हणाला, बघितल्या. मी म्हणालो, परत बघ. तो पुन्हा चढला आणि कुऱ्हाडीच्या पाठीनं एकेक फांदी ठोकून ऐकली. एक पोकळ वाजली, ती काढली. खाली आल्यावर म्हणाला, “आता जाऊ द्या की पोरीला. संशय लई चांगला आबा, पर तो झाडावर घ्या.”

कायद्यानं फांदी चुलतभावाची होती. त्याच्या रानात पडली होती. तो म्हणाला, “दादा, अर्धी घिऊन जावा.” माझ्या मनात लगेच आलं, का देतोय? आलं ते आलं, लपवत नाही. पण तोंडानं म्हणालो, “तुज्या रानात पडली, तुजी.” त्यानं लाकूड कापून बांधाला रचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माणसं जेवायला घरात गेली तेव्हा मी बांध ओलांडून वांग्यात गेलो. दीड सरी साफ गेली होती. उरलेली झाडं आडवी झालेली, पण मुळं धरून होती. मी खुरपं नेलं होतं. एकेक झाड उभं करून बुडाला माती ओढत, पायानं दाबत पुढं चाललो होतो. मोडलेल्या झाडांवरची धड वांगी काढून सरीच्या तोंडाला ठेवत होतो.

“कोण हाय रं वांग्यात?”

चुलतभावाची बायको ओट्यावर आली होती. उन्हाला हात आडवा धरून बघत होती.

“मी हाय,” मी म्हणालो.

“काय करताय तितं? वांगी काढताय व्हय?”

माझ्या एका हातात खुरपं होतं आणि दुसऱ्यात दोन वांगी. काय सांगणार? सरीच्या तोंडाला ठेवलेला वांग्यांचा ढीगही तिला तिथनं दिसत असणार.

“माती लावतोय,” मी म्हणालो.

तिचा विश्वास बसला नाही. बसायचं कारणही नव्हतं. ती आत गेली नाही, नवऱ्याला हाक मारली नाही. ओट्याच्या कडेला पदर सावरून बसली आणि मी उरलेली सरी संपवेपर्यंत माझ्या हातांकडं बघत राहिली.